संकट सरल्यानंतर

‘संकट बंदाग वेंकटरमण’ ही कन्नड म्हण आपल्या भागातल्या मराठी घरांतही इतकी रुळली आहे की तिचे भाषांतर करावे असे कोणाला वाटत नाही. आजी मराठीत बोलता बोलता मध्येच ती म्हणून जाते आणि नातवंडांना कळतेही. संकट आले की वेंकटरमण आठवतो, एरवी त्याला कोण विचारतो? मराठीने हीच गोष्ट वैद्याच्या माथी मारली आणि ‘गरज सरो, वैद्य मरो’ म्हणून ती मोकळी झाली. कन्नड म्हणीत माणसाच्या स्वार्थी स्वभावाची चेष्टा आहे खरी, पण तिच्यात एक गोष्ट गृहीतही धरलेली आहे. ती म्हणजे, संकटात माणूस देवाजवळ जातोच.

तो खरेच जातो का? आणि सुखात दूर होतो का? हा प्रश्न सगळ्याच धर्मांत आहे. कुंतीने कृष्णाकडे संकटेच मागितली, कारण संकटात त्याचे दर्शन घडते, ही भागवतातली गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली असते. ख्रिस्ती धर्माने तर या प्रश्नासाठी वर्षातले चाळीस दिवस राखून ठेवले आहेत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा हा उपवासकाळ. या दिवसांत कोणी मांसाहार सोडतो, कोणी चहा, तर हल्लीची तरुण मुले मोबाइलही सोडून पाहतात. आपल्या कॅम्पातल्या किंवा खानापूरकडच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी हे तुम्ही पाहिले असेल. पोट थोडे रिकामे राहिले तर मन देवाकडे वळेल, ही त्यामागची समजूत. पण स्वतः ठरवून काढलेला उपवास आणि घरात धान्य नाही म्हणून घडलेला उपवास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा शेवट ईस्टरच्या जेवणात होतो, हे उपवास करणाऱ्याला ठाऊक असते. दुसऱ्याचा शेवट कशात होईल, हे कोणालाच ठाऊक नसते.

बायबल या बाबतीत म्हणीइतके सरळ बोलत नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना आहे. तो देवाकडे दारिद्र्यही मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही. पोट भरले तर मी तुला विसरेन, आणि उपाशी राहिलो तर चोरी करून तुझ्या नावाला काळिमा फासेन, असे त्याचे म्हणणे. म्हणजे दारिद्र्यातही माणूस घसरतो, याची त्याला जाणीव होती. मला हा आगूर फार व्यवहारी आणि प्रामाणिक वाटतो. गरिबीचे गोडवे गाणारी माणसे बहुधा जेवून उठलेली असतात.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही जण दूर उभे राहून येशूला हाका मारतात आणि दहाही बरे होतात, पण आभार मानायला परत येतो एकच. तोही शोमरोनी, म्हणजे ज्याला यहुदी लोक परका समजत असा. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशू विचारतो. ते नऊ जण वाईट नसावेत. इतक्या वर्षांनी घरी जायला मिळाले, बायको-मुलांना जवळ घेता आले, शेत पाहायचे होते, राहिलेली कामे होती. आपणही त्यांच्यातलेच असतो. संकटात हाक मारायला फार श्रद्धा लागत नाही, पण बरे झाल्यावर मागे वळायला ती लागते.

पण ज्यांची हाक ऐकली गेली नाही, त्यांचे काय? इथे पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहावे असे मला वाटते. आपल्या दोन भाषांच्या घरांना त्या तशाही जवळच्या. त्यांचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. तुंगा आणि भद्रा जिथे उगम पावतात तो हा भाग, आज कर्नाटकात आहे. घरची भाषा मराठी आणि भोवतालची कन्नड. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल लोकांचा रोष पत्करलेले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत आणि पुराणे सांगत देशभर फिरत राहिले.

१८७०च्या दशकातल्या दुष्काळात या कुटुंबाचे जे हाल झाले ते रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहेत. जवळ होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानात संपले. शास्त्र सोडून दुसरे काम कोणाला येत नव्हते आणि मजुरी करणे जातीला शोभत नव्हते. तिरुपतीच्या परिसरातल्या रानात अकरा दिवस त्यांनी पाणी आणि झाडपाल्यावर काढले. ज्याचे नाव आपल्या म्हणीत आहे, त्याच वेंकटरमणाच्या डोंगराजवळ. आधी वडील गेले. जाताना त्यांनी मुलीला जवळ घेऊन सांगितले की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. मग आई गेली. आईसाठी शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. पुढे थोरली बहीणही गेली. राहिली ती रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी उत्तरेपर्यंत गेली. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ती झोपली.

एवढ्या संकटात ही दोघे देवाच्या अधिक जवळ गेली असतील असे आपल्याला वाटेल. झाले उलटेच. सगळे विधी, सगळे उपास आणि नवस मनापासून करूनही काहीच घडले नाही, म्हणून त्यांची श्रद्धा उडाली. हे मी कोणाच्या दैवताला उणे दाखवण्यासाठी लिहीत नाही. वेळांकणीच्या मातेला नवस बोलून, रात्रभर गुडघे टेकून बसूनही ज्यांचे मूल हाती लागले नाही अशा ख्रिस्ती आईबापांची कथाही हीच असते. संकट माणसाला देवाच्या दारात नेऊन सोडते, पण ते दार उघडेल की नाही हे संकटाच्या हाती नसते. कित्येक माणसे त्या दारातूनच परत फिरतात आणि पुन्हा कधी तिकडे जात नाहीत. त्यांना नास्तिक म्हणून नावे ठेवण्याआधी थोडे थांबावे.

रमाबाईंना येशूची पहिली ओळख झाली तीही दुःखात नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कलकत्त्याला त्यांच्या विद्वत्तेचा सन्मान झाला. १८८०मध्ये भाऊ गेला, आणि त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. आसामात सिल्चरला त्यांचा संसार होता. आयुष्यात पहिल्यांदाच डोक्यावर स्वतःचे छप्पर होते. त्या घरात त्यांना बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान हाती लागले. दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट ज्यात आहे तेच हे पुस्तक. पोटात भूक नसताना, मनाला उसंत असताना त्यांनी ते वाचले. १८८२मध्ये पती कॉलऱ्याने गेले आणि कडेवरची मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या. पुढे इंग्लंडला गेल्यावर २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि सहसा तो कोणी सांगत नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. अमेरिकेतल्या हितचिंतकांच्या मंडळाने दहा वर्षांच्या खर्चाची हमी दिलेली होती. देशात-परदेशात नाव झाले होते. टीका होती, पण भाकरीची चिंता नव्हती. या स्थैर्यात, बाप्तिस्म्याला आठ वर्षे उलटल्यावर, १८९१च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळालेला नाही. हे त्यांनी जाहीरपणे लिहिले. एका नामवंत संस्थाचालिकेने असे लिहिणे सोपे नव्हते. सुबत्तेत माणूस देवाला विसरतो म्हणजे तो चर्चला जायचे सोडतो, असे नाही. तो जात राहतो, वर्गणी देतो, समितीवर बसतो, नाताळला रोषणाई करतो. सगळे जागच्या जागी असते आणि त्यामुळेच काही हरवले आहे हे कळत नाही. उपाशी माणसाला निदान आपण उपाशी आहोत हे समजते.

१८९६मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा सुस्थितीत होत्या. त्यांना पुण्यात बसून राहता आले असते. पण उपाशी मुलींच्या बातम्या कानी आल्यावर त्यांना स्वतःचे रानातले दिवस आठवले आणि त्या तिकडे गेल्या. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभारल्या. तेच मुक्ती सदन. १९००च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या जवळपास २,०००वर गेली. त्या मुलींना प्रार्थनेबरोबर विणकाम, तेलघाणी, दुभती जनावरे, छापखाना असे हाताचे कामही शिकवले जाई. ज्या घरात हाताचे काम कोणालाच येत नव्हते म्हणून माणसे भुकेने गेली, त्या घरातल्या मुलीला याचे महत्त्व दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

भुकेल्या मुलींना अन्न देऊन ख्रिस्ती केले, हा आक्षेप रमाबाईंवर तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. तो हसण्यावारी नेऊ नये. भुकेपोटी घेतलेली श्रद्धा ही श्रद्धा असते का, हा प्रश्न खरा आहे, आणि ख्रिस्ती माणसानेही तो स्वतःला विचारायला हवा. मी एवढेच नोंदवतो की रमाबाईंनी स्वतः भुकेत धर्म बदलला नव्हता; आणि मुक्तीत ज्याला ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात, मुली रडून रडून प्रार्थना करू लागल्या तो काळ १९०५चा आहे. म्हणजे दुष्काळ सरून, रोजचे जेवण सुरू होऊन काही वर्षे झाल्यानंतरचा.

आता एक बाजू राहिली. घरातल्या एकाने कष्ट निवडले की बाकीच्यांना ते निवडावे लागत नाहीत, आपोआप मिळतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे कवी आणि मोठे भक्त. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकण्यात त्यांना आनंद होता, आणि १९१७मध्ये मिशनचा पगारही त्यांनी सोडला. पगारी धर्मसेवेत जीव गुदमरतो, असे त्यांना वाटत होते. पण डब्यात पीठ आहे की नाही हे बघणारी बाई वेगळीच होती. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण त्या हसवतात. मात्र त्या हसण्याखाली एका गृहिणीचा हिशेब चाललेला असतो. नवऱ्याच्या त्यागाची बिले तिच्याकडे येत. गंमत अशी की पाच वर्षांनी, स्वतःच्या वेळेने आणि स्वतःच्या विचाराने, त्याही ख्रिस्ती झाल्या, आणि टिळक १९१९मध्ये गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. तेव्हा त्यांची भक्ती कमी होती असे म्हणायची सोय नाही. पण देवासाठी कष्ट काढावेत, हा उपदेश ज्याने त्याने आपल्यापुरता ठेवावा. कुंतीनेही जन्मभर सोसून झाल्यावर मग ते मागणे मागितले होते.

आपल्या भागातल्या गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी सगळे मिळून ‘तेर्स’ म्हणत, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. एक खोली, एक दिवा आणि सगळ्यांचे सूर. मुले बेंगळूरला किंवा आखातात गेली, घरे मोठी झाली आणि प्रत्येकाला स्वतंत्र खोली मिळाली. आता तेर्स म्हातारी माणसे म्हणतात. आपल्याकडच्या शुभंकरोतीचे दुसरे काय झाले? पण म्हणून मुलांनी गरीबच राहायला हवे होते, असे कोणी म्हणू नये. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांना जे पत्र लिहिले त्यात टंचाईत कसे राहावे आणि भरभराटीत कसे राहावे हे दोन्ही आपण शिकलो, असे तो सांगतो. टंचाई शिकावी लागते हे आपण जाणतो. भरभराटही शिकावी लागते, हे मात्र आपल्या घरांत कोणी शिकवत नाही.

रमाबाईंची शेवटची वर्षे सुखाची नव्हती. निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्यात, म्हणजे आताच्या कलबुर्गीत, त्यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि ती मनोरमा सांभाळत होती. ती एकुलती एक मुलगी १९२१ साली गेली. रमाबाईंना तेव्हा ऐकूही नीट येत नव्हते. हाती एकच काम होते. साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर. त्यासाठी त्या भाषा त्या उतारवयात शिकल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर त्या मुद्रिते तपासत होत्या. छपाई केडगावलाच, मुक्तीच्या छापखान्यात चालू होती आणि तिथे खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका होत्या.