बुधवारचं चिकन, सकाळी आठला!

बुधवार. संध्याकाळचे पावणेआठ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून किंवा अंधेरीच्या लोकलमधून तुम्ही एकदाचे घरी पोचता. बॅग सोफ्यावर, बूट दारात. आणि मग तो प्रश्न येतो, जो आठवड्यातून तीनदा तरी येतोच. ‘जेवायला काय?’ घरात चार माणसं असतात. त्यातली दोन दमलेली, एक भुकेलेलं आणि एक ‘मला काहीही चालेल’ म्हणणारं (म्हणजे काहीही न चालणारं!). पाच मिनिटांत कुणीतरी मोबाइल उघडतं आणि म्हणतं, ‘मागवूया का?’

आपल्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे सामिषाचे हक्काचे वार. रविवारी चिकन होतं, कारण वेळ असतो. बुधवारचं चिकन मात्र हल्ली डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरून येतं. तेलाचा तवंग, प्लॅस्टिकचे डबे आणि चौघांचं बिल बघून आलेली आवंढ्याएवढी शांतता. तर मंडळी, आजचा फंडा या बुधवारसाठी. त्याचं नाव स्लो कुकर.

शिट्टी नाही, मग शिजलं कळणार कसं?

आपण प्रेशर कुकरवर वाढलेली माणसं. हॉकिन्सची कंपनी मुंबईत १९५९ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून मराठी स्वयंपाकघराचं घड्याळ शिट्ट्यांवर चालतं. ‘तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर’ ही सूचना फोनवरून न ऐकलेला मुलगा सापडणं कठीण! स्लो कुकरचं डिट्टो उलटं आहे. प्रेशर कुकर आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास नेऊन वेळ वाचवतो. स्लो कुकर तेच काम उकळीच्या अलीकडे राहून, सहा-आठ तास घेऊन करतो. बाहेर मेटलची बॉडी, तिच्यात कमी वॅटची कॉइल, आत चिनी मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण. बटणं तीन: लो, हाय आणि वॉर्म. बस्स.

सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘दिवसभर वीज जळणार का?’ हिशोब सोपा आहे. २०० वॅटचा कुकर सहा तास चालला तर १.२ युनिट. दोन किलोवॅटचा गीझर हे काम छत्तीस मिनिटांत करतो.

शनिवारची कहाणी

या यंत्रामागे एक मस्त गोष्ट आहे. अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन नावाचा इंजिनिअर होता. त्याची आई लहानपणी लिथुआनियात राहायची. ज्यू घरांत शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत सब्बाथ, म्हणजे चूल पेटवायची नाही. मग शुक्रवारीच मांस, कडधान्य आणि बटाट्याचं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन ठेवायचं. विझत चाललेल्या भट्टीच्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. या पदार्थाचं नाव चोलंट. आईची ही आठवण ऐकून नॅक्सनने विजेवर मंद शिजवणारं भांडं बनवलं आणि १९४० साली त्याला पेटंट मिळालं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. अमेरिकेत तेव्हा बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या. भांडं सॉलिड खपलं.

ही गोष्ट आपल्याला तशी परकी नाही. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली तेलाच्या घाण्याचं काम करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली! आणि भायखळ्यात ज्यांचं मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६० च्या दशकापासून उभं आहे, त्या बगदादी ज्यूंकडे शनिवारसाठी हमीन व्हायचं. कोंबडी आणि भात, रात्रभर मंद आचेवर. म्हणजे स्लो कुकरमधलं चिकन मुंबईत पोचलं ते स्लो कुकरच्या खूप आधी.

आता मुद्द्याचं बोलू

जाहिराती म्हणतात, स्लो कुकर वेळ वाचवतो. खरं सांगायचं तर फारसा नाही. कांदा चिरावाच लागतो, वाटण करावंच लागतं. तो वेळ वाचवत नाही, वेळ हलवतो. संध्याकाळी पावणेआठला, म्हणजे अंगात जीव नसताना करायचं काम तो आदल्या रात्री किंवा सकाळी ढकलतो. घरातली भांडणं बहुतेक पावणेआठलाच होतात, त्यामुळे ही छोटी गोष्ट नाही!

पण हलवलेलं काम शेवटी पडतं कुणाच्या अंगावर? केंद्र सरकारच्या टाइम यूज सर्व्हेत २०१९ साली दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. २०२४ च्या सर्व्हेत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषांनीही लगेच आपली नऊ कमी करून घेतली. वाह!

स्लो कुकरची खरी मजा इथे आहे. ‘अगं, तुझ्या हाताला चव आहे’ हे वाक्य मराठी नवऱ्याचं सर्वांत जुनं रजेचं पत्र. या भांड्यात हाताची चव लागतच नाही. परतायचं तेवढं चार मिनिटं. पुढे ढवळायचं नाही, आच बघायची नाही, शिट्ट्या मोजायच्या नाहीत. ज्याला एक्सेल शीट जमते त्याला हे जमतं. तेव्हा बॉस, बुधवार तुमचा!

चौघांसाठी घाटी चिकन

साहित्य: एक किलो चिकन, हाडासकट, शक्यतो तंगडी आणि मांडीचे तुकडे. दोन मध्यम बटाटे, जाड फोडी करून. एक वाटी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. दोन चमचे आलं-लसूण पेस्ट, दोन चमचे कांदा-लसूण मसाला, अर्धा चमचा हळद, मीठ, दोन मोठे चमचे तेल. पाणी फक्त अर्धी वाटी.

आदल्या रात्री: चिकनला हळद, मीठ आणि आलं-लसूण चोळून डबा फ्रिजमध्ये ठेवा. वाटण रविवारीच जास्तीचं करून फ्रीझरमध्ये ठेवलं असेल तर रात्री ते खाली फ्रिजमध्ये काढा.

लावताना: कढईत तेल तापवून वाटण आणि मसाला चार मिनिटं परता. तेल सुटू द्या. हा टप्पा गाळू नका, कारण स्लो कुकरमध्ये काहीही खरपूस होत नाही. कच्चं वाटण आठ तासांनीही कच्चंच लागतं. भांड्याच्या तळाशी बटाटे टाका, कारण आच तळाला आणि कडेला असते आणि बटाटा चिकनपेक्षा हट्टी. त्यावर चिकन, त्यावर गरम मसाला-वाटण आणि गरम पाणी. झाकण लावा. पहिला तास हायवर ठेवता आला तर उत्तम, मग लो.

शेवटी: कोथिंबीर आणि लिंबू वाढताना. दही किंवा नारळाचं दूध घालायचं असेल तर शेवटच्या पंधरा मिनिटांत, नाहीतर फुटतं.

पाणी एवढं कमी का? कारण वाफ बाहेर जात नाही, झाकणाला लागून परत आत पडते. चिकनचं स्वतःचं पाणी सुटतं ते वेगळं. कढईच्या हिशोबाने पाणी घातलंत तर बुधवारी रस्सा नाही, सूप मिळेल. भांडं अर्ध्याच्या वर आणि दोनतृतीयांशाच्या आत भरलेलं हवं. आणि झाकण सारखं उघडून बघायचं नाही! एकदा उघडलं की गेलेली उष्णता परत यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

ऑफिसचं गणित

परदेशी रेसिपी म्हणतात ‘सकाळी लावा, संध्याकाळी खा’. आपला दिवस मात्र अकरा तासांचा. हाडासकट ब्रॉयलर लोवर पाच-सहा तासांत तयार होतो. अकरा तासांत त्याचा चिवडा होतो. बोनलेस ब्रेस्ट तर तीन-साडेतीन तासांतच कोरडं पडायला लागतं. मग तीन मार्ग आहेत.

एक, घरातून अकराला निघणारं किंवा वर्क फ्रॉम होमवालं कुणी असेल तर साधं ब्रॉयलर चिकन. ते निघताना लावा.

दोन, आठला निघणार असाल तर गावठी कोंबडी. ती जास्त जगलेली, जास्त पळालेली असते. तिच्या मांसातले चिवट धागे मंद आचेवर हळूहळू विरघळतात आणि रस्सा दाट होतो. कुकरमध्ये चामड्यासारखी होणारी कोंबडी इथे आठ तासांत मऊ पडते. म्हणजे चार वाजेपर्यंत लो आणि मग आपोआप वॉर्मवर जाणारा कुकर साडेसातपर्यंत गरम ठेवेल. टायमर नसलेल्या साध्या बटणाच्या कुकरवर हा प्रयोग नको.

तीन, आणि सगळ्यांना जमणारा: रात्रपाळी. रात्री अकराला लावा, पहाटे पाचला बंद. पसरट भांड्यात काढून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. संध्याकाळी गॅसवर एक सणसणीत उकळी. मुरल्यामुळे चव उलट वाढते. गरम चिनी मातीचं भांडं मात्र तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका, तडकेल.

एवढं मात्र पाळा

कच्चं चिकन भांड्यात भरून ‘दुपारी दोनला आपोआप चालू होईल’ असा टायमर कधीही लावू नका. पाच ते साठ अंशांच्या मधे जंतू धडाक्याने वाढतात. कच्चं चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त चालत नाही आणि पारा बत्तीसच्या वर असेल तर फक्त एक तास. आपल्याकडचा मे महिना आठवा.

फ्रीझरमधलं दगडासारखं चिकन थेट आत टाकायचं नाही. आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या, नाहीतर ते फार वेळ धोक्याच्या तापमानात रेंगाळतं. शिजल्याची खात्री हवी असेल तर फूड थर्मामीटर घ्या. सर्वांत जाड तुकड्याच्या आत ७४ अंश दिसले की झालं.

तुम्ही घरी नसताना वीज गेली होती आणि किती वेळ ते माहीत नसेल, तर वास कितीही छान येवो, चिकन टाकून द्या. जिवावर येतं, पण इलाज नाही.

राजमा थेट स्लो कुकरमध्ये नको. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही. तो आधी भिजवून, पाणी बदलून, गॅसवर अर्धा तास खळखळून उकळायचा, मग पुढचं.

आणि अमेरिकेतला भाऊ ‘मी आणतो ना तिकडून’ म्हणाला तर त्याला प्रेमाने थांबवा. तिकडचा कुकर ११०-१२० व्होल्टचा, आपली लाइन २३० ची. थेट लावलात तर पहिल्याच दिवशी धूर! त्यापेक्षा इथेच बघा. नुसता स्लो कुकर दुकानात कमी दिसतो, पण बऱ्याच इलेक्ट्रिक मल्टिकुकरमध्ये ‘स्लो कुक’चं बटण असतं. शेजारच्याकडे असा कुकर धूळ खात पडलेला असेल, तर आधी उसना आणून बघा.

चपात्या, भाकरी हे मी मुद्दामच मधे आणलं नाही. बुधवारी कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव चालतो. गरम रस्सा, ताजा पाव, चिरलेला कांदा, लिंबाची फोड. मुख्य म्हणजे ताटं वाढताना कुणाच्याही कपाळावर आठी नसते, कारण त्या वेळी कुणीच स्वयंपाक करत नसतं.

तेव्हा येत्या मंगळवारी रात्री घरात एकच प्रश्न विचारा. ‘उद्या जेवायला काय’ हा नव्हे. ‘उद्या कुकर कोण लावणार?’ आणि उत्तर येईपर्यंत कांदे त्याच्यासमोर नेऊन ठेवा!