बेवडा कोण, साहेब कोण?

औरंगपुऱ्यात भाजीमंडईच्या कडेला देशी पिऊन पडलेल्या हमालाला येणारेजाणारे ‘बेवडा’ म्हणतात; त्याच रात्री परमिट रूममधून उतरून मोटारीचे दार उघडणाऱ्या गृहस्थाला पहारेकरी सलाम ठोकतो. पहिल्याने स्वतःची आणि घरादाराची नासाडी केलेली असते. दुसरा रस्त्यावरच्या प्रत्येकाचा जीव पणाला लावण्यास निघालेला असतो. तरीही समाजाच्या लेखी पतित ठरतो तो पहिलाच.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात आजही पिण्यास परवाना लागतो. तो न बाळगणाऱ्या प्रतिष्ठितांना कोणी गुन्हेगार मानीत नाही. गुन्हा केवळ कायद्याच्या पुस्तकात ठरत नाही. समाजाच्या भुवया कोणाकडे पाहून उंचावतात, यावरही तो ठरतो. मोटार वाहन कायदा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आहे काय, एवढेच विचारतो. हुद्दा आणि बंगला विचारतो तो समाज. म्हणूनच मद्यपी चालकाने माणसे चिरडली तरी त्या कृत्याला ‘अपघात’ हे निरागस नाव मिळते.

नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर असेच मारले गेले. सत्र न्यायालयाने चालकास सहा महिन्यांची शिक्षा दिली. लोकक्षोभ उसळला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. मद्यप्राशनाचा आरोप असलेल्या अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. तो आदेश बदलला गदारोळानंतरच.

दोन्ही वेळा कायदा तोच होता. जागी झाली ती लोकांची नजर. परंतु न्याय संतापाच्या भरवशावर सोडणे धोक्याचे आहे. ज्या मजुराच्या मृत्यूची बातमी होत नाही, त्याच्यासाठी संताप कोठून यावा?

याचा अर्थ हमालाच्या व्यसनाकडे डोळेझाक करावी असा नव्हे. महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत दारूदुकानांविरुद्ध आवाज उठवला. त्यांचा रोख दुकाने वाढवणाऱ्या व्यवस्थेवर होता. त्यांचा पुतळा औरंगपुऱ्यात उभा आहे. तपासणीची नळी दुचाकीवरच्या कामगाराइतक्याच निःसंकोचपणे क्लबच्या आणि मंगल कार्यालयाच्या दारातील मोटारवाल्यापुढेही धरली जावी, आणि मेजवानीनंतर मित्राच्या हातून किल्ली काढून घेणे हा उद्धटपणा नव्हे, तर कर्तव्य मानले जावे. ज्या दिवशी ‘साहेबां’नाही शरम वाटू लागेल, त्या दिवशी कायद्याला गदारोळाची वाट पाहावी लागणार नाही.