सुवर्णतबकडीवरील भैरवी

'संगीतास प्रांत नाहीं' हें वाक्य आम्हीं निबंधाच्या तासाला अनेक वर्षें विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतलें. परंतु तें पडताळून पाहण्याचा योग निवृत्तीनंतरच आला. आमची वडील भगिनी आपल्या मुलासह गेल्या महिन्यांत चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. भाच्यानें बरोबर तबकड्यांचा एक संच आणला होता. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं, व प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसविली. तीवरील गाणीं २०१७ सालीं संचरूपानें बाजारांत आलीं, तोच हा संच.

बारा इंचांची ती तबकडी. कार्ल सेगन ह्या ज्योतिर्विदाच्या मंडळास गाण्यांकरितां सुमारें ९० मिनिटें मिळालीं, व त्यांत २७ रचना बसविल्या गेल्या. निवड अगदीं समतोल आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. एकट्या बाखच्या तीन रचना आहेत, बेथोव्हेनच्या दोन. भारताच्या वांट्यास एकच. तथापि ५५ भाषांतील नमस्कारांत आपली मराठीही आहे, हें नमूद केलें पाहिजे.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला म्हणून असेल, पण ऐकतां ऐकतां आम्हांस भरतमुनींचें स्मरण झालें. नाट्यशास्त्रांत वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तंतूंचें तें तत, चामड्यानें मढविलेलें तें अवनद्ध, टाळासारखें तें घन आणि फुंकून वाजवावयाचें तें सुषिर. येथें जावा बेटांतील गमेलानचीं कांशाचीं वाद्यें घन. बेनिनचे ढोल अवनद्ध. जपानची शाकुहाची नांवाची बांबूची बांसरी व सॉलोमन बेटांतील पांवे सुषिर. आणि चिनी वादक ग्वान पिंगहू ह्यांचें ग्वुचिन हें सात तारांचें वाद्य तत. चक बेरी ह्या अमेरिकन गायकाची विजेवरील गिटार तेवढी निराळी. पण तीही अखेर तंतूंचीच! मुनींच्या कानीं ज्या देशांचें नांवही गेलें नसेल, त्यांचीं वाद्यें त्यांनीं आंखलेल्या चार घरांत सुखानें नांदतात.

ग्वुचिन साडेसात मिनिटें वाजून थांबतें आणि पंचविसावी रचना सुरू होते. ती केसरबाई केरकरांची भैरवी. साडेतीन मिनिटांचें गाणें. पण पहिल्या स्वरासरशीं खोली भरून जाते. रॉबर्ट ब्राउन ह्या संगीताभ्यासकानें तें सुचविलें, आणि मंडळींस ती जुनी तबकडी न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत सांपडली. केसरबाईंचा जन्म १८९२ सालचा, गोव्यांतील केरी गांवचा; देवस्थानांची गायनसेवा पिढ्यान् पिढ्या करणाऱ्या समाजांतला. उस्ताद अल्लादिया खांसाहेबांजवळ त्यांनीं दीर्घकाळ तालीम घेतली. व्हॉयेजर १ हें यान ५ सप्टेंबर १९७७ रोजीं उडालें. त्यानंतर अकराव्या दिवशीं केसरबाई मुंबईंत निवर्तल्या. तें यान २०१२ सालीं ताऱ्यांमधील अवकाशांत शिरलें आणि आज येथून २४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे.

गाणें संपलें तेव्हां आमची भगिनी मेथी निवडीत बसली होती. ती हलकेंच म्हणाली, "ही तबकडी अण्णांकडे होती रे." आणि थोड्या वेळानें, "अण्णा हिचें गाणें डोळे मिटून ऐकायचे. पण ही आपल्या दारीं आली असती, तर तिला पाणी कुठल्या भांड्यांतून दिलें असतें?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमच्या घरीं गाणें ऐकण्यास कधींच बंदी नव्हती, गाण्यास होती. भगिनीचा गळा गोड, पेटीवर हातही चांगला. १९७७ सालींच तिच्यासाठीं स्थळें पाहूं लागले, आणि 'गाणारी मुलगी' असा बोभाटा नको म्हणून वडिलांनीं पेटी माळ्यावर टाकली. ती आमच्याकडे पाहत होती, हें आम्हांस स्पष्ट आठवतें. आम्ही तेव्हां मॅट्रिकच्या वर्गांत होतों. चार श्लोक पाठ असल्याचा ताठा होता. 'अण्णांचें बरोबर आहे,' असें आम्हींही म्हटलें. परक्या देशांतील मंडळींनीं त्या स्वराचें कूळ न विचारतां त्यास पृथ्वीच्या वतीनें पाठविलें, त्याच वर्षीं आम्हीं सख्ख्या बहिणीचा स्वर माळ्यावर बंद केला. गाणें थोर आणि गाणारी मात्र उंबऱ्याबाहेर, हा न्याय पुष्कळ सुशिक्षित घरांतून चालत आला. तो शास्त्राचा नव्हे, भित्रेपणाचा होता.

असो. भगिनीचे अडुसष्टावे वर्ष चालू आहे. गेलेला काळ परत येत नाहीं. तरी दुसऱ्या दिवशीं आम्हीं भाच्याकडून ती पेटी खालीं काढविली. भाता उंदरांनीं कुरतडला आहे, चार स्वर मुके आहेत. दुरुस्तीस दिली आहे. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असल्यास त्यांनीं ती येत्या रविवारीं खालीं काढावी, आणि ती कोणाची होती तें घरांतील मुलांस सांगावें, एवढीच आमची विनंती आहे.