दहावीचं गणित नुसतं बघून येत नाही

परवा रात्री मुलीच्या खोलीत डोकावलो. मोबाईलवर एक सर वर्गसमीकरण सोडवत होते आणि ही मान डोलवत होती. "समजलं का?" तर म्हणे, "हो बाबा, एकदम सोपंय." मोबाईल बाजूला ठेवला आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडव म्हटलं. तिसऱ्या ओळीत पद उजवीकडून डावीकडे आलं, चिन्ह मात्र तेच राहिलं. पुढचं सगळंच गेलं.

ओरडलो नाही. ओरडायला तोंड कुठंय? मी स्वतः गणितात ऑक्टोबरची वारी केलेला माणूस. (तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरात असायची, आता जून-जुलैत होते.) आमच्याकडे मोबाईल नव्हता, गाईड होतं. सोडवलेलं उदाहरण वाचायचं, "येतंय की" म्हणून पान उलटायचं. पेपरात कोरा कागद समोर आला आणि हात हलेना.

बोर्डाचा हिशेब साधा आहे. भाग 1 बीजगणित, भाग 2 भूमिती, प्रत्येकी 40 गुण, प्रत्येकी दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, त्यातच वाचणं आणि तपासणंही आलं. पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे उत्तर चुकलं तरी सूत्र आणि मांडणी हाती काहीतरी देऊन जाते. रचनेच्या प्रश्नात तर कंपास हाताला सरावलेला आणि पेन्सिलीला टोक असलं की अर्धी लढाई जिंकली. पण घड्याळ लावून सलग दोन तास बसलेली पोरं आपल्या गावात किती? क्लासची फी भरली, अपेक्षित प्रश्नसंच आणला, की आपण पालक मोकळे. आणि गंमत बघा, बाप दुकानात रोज जीएसटीची बिलं फाडतो आणि पोरगं अर्थनियोजनाचं प्रकरण ऑप्शनला टाकतं!

दरवर्षी गणिताच्या पेपरला मी कॅमेरा घेऊन केंद्रावर जातो. कंपाउंडवर चढलेली पोरं, भरारी पथक, कॉपीमुक्तीचे फलक, बातमी तयार. आतलं पोरगं चिठ्ठीची वाट का बघतंय, हे जानेवारीत विचारायला मात्र आम्ही पत्रकार कधी गेलो नाही. मीही नाही.

म्हणून म्हणतो, परीक्षेपर्यंतचे रविवार शाळांनी द्यावेत. एका रविवारी बीजगणित, दुसऱ्या रविवारी भूमिती. बोर्डाची जुनी प्रश्नपत्रिका, मोबाईल दाराबाहेर, बरोबर दोन तास. नंतर तासभर फक्त चुका. चिन्ह चुकलं, सूत्र आठवलं नाही की प्रश्नच नीट वाचला नाही, हे ज्याचं त्याने वहीत लिहायचं आणि ती उदाहरणं आठवडाभरात पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवायची. पाठ्यपुस्तकातले सरावसंच आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह आधी संपवा, बाकी सगळं नंतर.

एका मुख्याध्यापकांना हे बोललो. म्हणाले, "कल्पना चांगलीय, पण रविवारी शिपाई नसतो, कुलूप कोण उघडणार?"

सर, मी उघडतो. झाडूनही घेतो. गावात गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत, त्यातले दोघं तयार आहेत. झेरॉक्सचा खर्च माझ्याकडे. पहिल्या बाकावर माझी मुलगी बसेल. येत्या रविवारी सकाळी आठला, कुठल्या शाळेची किल्ली मिळतेय तेवढं कळवा.