फॉरमॅट मारू नका हो!

"साहेब, हा गेला. नवीन घ्या, नाहीतर मोबाइलवर भागवा." हिंगोली असो की पुणे, जुना डिजिटल कॅमेरा घेऊन दुकानात गेलात की हेच ऐकायला मिळतं. आणि जोडीला फुकटचा सल्ला, "कार्ड एरर देतंय? फॉरमॅट मारा!" इथे डोक्यात तिडीक जाते.

अरे, त्या कार्डात काय आहे हे तरी विचारा! रोल गेला आणि मोबाइलचा कॅमेरा अजून धड नव्हता, त्या मधल्या पाच-सात वर्षांत घरोघरी हे डबे आले. औंढ्या नागनाथाला काढलेलं जावळ, हिंगोलीचा दसरा, वसमतला हळदीच्या ढिगावर बसलेले आजोबा. निगेटिव्ह नाही, 'पुढच्या वेळी धुऊन आणू' म्हणत प्रिंटही नाही. आजोबांचा दुसरा फोटो कुठला, तर आधार कार्डावरचा!

आता थोडं इंजिनिअरिंग. फॉरमॅटने सहसा फक्त अनुक्रमणिका फाटते, आतली पानं शाबूत असतात. (कॅमेऱ्यात 'लो लेव्हल फॉरमॅट' असा पर्याय दिसला तर मात्र हात जोडून लांब राहा.) खरा घात नंतर होतो. दुकानदार 'टेस्ट' म्हणून त्याच कार्डावर चार फोटो काढतो आणि आजोबांवर काउंटरचा फोटो छापला जातो. त्यापेक्षा कार्ड बाहेर काढा, रीडरने कॉम्प्युटरला लावा आणि फोटोरेक चालवा. फुकट आहे. मिळालेले फोटो दुसरीकडे साठवा, त्याच कार्डावर नको.

बरं, कॅमेरा तरी खरंच 'गेलेला' असतो का? पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात लोक रिमोटचे स्वस्त सेल घालतात. कॅमेऱ्याला लागणारा करंट त्यांना झेपत नाही, लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकते आणि निदान काय, तर 'लेन्स एरर, मोटर गेली'. चांगले रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घालून बघा की आधी! दुसरं निदान 'स्लॉट गेला'. एसडीएचसी कार्ड आलं 2006 मध्ये. त्याआधीच्या कॅमेऱ्यांना साधारण 2 जीबीपर्यंतचंच कार्ड कळतं, आणि हे 32 जीबीचं घालून बघतात. (औंढ्याच्या शिखराचा रात्रीचा फोटो काळा आला तर तोही कॅमेऱ्याचा दोष नाही. त्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे जात नाही, बिचारा.)

खरे बिघाडही होते, नाही कशाला म्हणू. सोनीचे काही सीसीडी सेन्सर उष्ण, दमट हवेत बिघडायचे, चित्र काळं किंवा वेडंवाकडं यायचं. 2005 मध्ये सोनी, कॅनन, निकॉन वगैरेंनी हे मान्य करून फुकट दुरुस्ती जाहीर केली. आपल्याकडच्या किती दुकानदारांनी गिऱ्हाइकाला हे सांगितलं असेल? पण सेन्सर मेला तरी कार्डातले फोटो मरत नाहीत, हे लक्षात घ्या.

'आता मोबाइल आहे ना, कशाला हा डबा?' कबूल, नवीन फोटो काढा मोबाइलवर. मी जुन्यांबद्दल बोलतोय. आणि गंमत म्हणजे हल्ली कॉलेजातल्या पोरांना हेच 'डिजीकॅम' फॅशन म्हणून हवेत, त्यामुळे कपाटातले डबे कार्डासकट विकले जातायत.

तेव्हा मंडळी, दिवाळीला गावी गेलात की आईला विचारा तो कॅमेरा कुठे ठेवलाय. आधी कार्ड काढून खिशात घाला. मग डबा कुणालाही द्या.