तीन चांगल्या गोष्टी लिहिल्याने नैराश्य जाते का?

उल्हासनगरला नाव मिळाले ते उल्हास नदीवरून. त्या शब्दाचा अर्थ आनंद असला, तरी कॅम्प ५ मध्ये पीसच्या भावाने जीन्स शिवणाऱ्या कारागिराला त्याने काही दिलासा मिळत नाही. काम असले की रात्र पुरत नाही, नसले की दिवस सरत नाही. अशा माणसाची झोप उडाली, कशात मन लागेनासे झाले, की मोबाइलवर सल्ला हजर असतो: रोज झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा.

सल्ला थोतांड नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ५७७ जणांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. आठवडाभर तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणे लिहिणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही अधिक आनंदी वाटत होते आणि त्यांची उदासीची लक्षणे कमी होती. मात्र हे लोक संकेतस्थळावर स्वतःहून आलेले होते. शिवाय तुलनेच्या गटाला लहानपणीच्या आठवणी लिहायला दिल्या होत्या. त्या सुखदच असाव्यात अशी अट नव्हती.

कॅनडातील संशोधकांनी २०१२ मध्ये नेमके तेच बदलले. तुलनेच्या गटाला त्यांनी सुखद आठवणी लिहायला सांगितल्या. तेव्हा तीन गोष्टींचा व्यायाम त्या गटापेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे गुण त्या विशिष्ट कृतीचा की कोणत्याही आनंददायी आठवणीचा, हा प्रश्न उरला. पुढच्याच वर्षी अशा ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात सहा हजारांवर लोक होते. फायदा दिसला, पण छोटा.

छोटा फायदाही फुकटात मिळत असेल तर नाकारू नये. अडचण वेगळीच आहे. खरोखर नैराश्य असलेल्याला घरचे ‘चांगला विचार कर’ म्हणत राहतात आणि उपचाराचे महिने वाया जातात.

अशा रुग्णांसाठी काय चालते, याचे उत्तर गोव्यात मिळाले. ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांची चाचणी घेतली. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. रुग्णाने टाळलेली, सुटलेली कामे त्याला पुन्हा थोडी थोडी करायला लावणे हा त्यातला गाभा. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे, थोडे सुधारित उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. वहीच्या व्यायामाला इतक्या आजारी लोकांवर असे यश मिळाल्याचे दिसलेले नाही.

गोव्यातला समुपदेशक महागडा तज्ज्ञ नव्हता, ही बाब कॅम्प ५ सारख्या दाट वस्तीतल्या दवाखान्यांसाठी महत्त्वाची. तसा माणूस तिथे नेमणे पालिकेला अशक्य नाही. आनंदावरच्या एका दिवसाच्या व्याख्यानापेक्षा तो खर्च सार्थकी लागेल.

तोवर, दोन आठवड्यांहून अधिक उदासी टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबूच नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येते.