भाकिताचा पुरावा

ख्रिस्ती श्रद्धेच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद केले जातात त्यांपैकी सर्वांत जुना आणि आजही सर्वांत चलनी नाणे ठरलेला युक्तिवाद म्हणजे भाकिताच्या पूर्तीचा. यहुदी संदेष्ट्यांनी शतकानुशतके आधी जे सांगून ठेवले ते येशूच्या चरित्रात तंतोतंत उतरले, सबब तो ख्रिस्त होय. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने ट्रायफो नावाच्या यहुद्याशी घातलेल्या वादात हे शस्त्र आहे. सतराव्या शतकात पास्कलच्या टिपणांत ते आहे. विसाव्या शतकात पीटर स्टोनर या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकाने त्याला आकड्यांची धार लावली. आठ भाकिते एकाच माणसाच्या बाबतीत योगायोगाने खरी ठरण्याची शक्यता एकावर सतरा शून्ये इतक्यात एक, असे त्याचे गणित. टेक्सास प्रांतभर दोन फूट उंचीचा चांदीच्या नाण्यांचा थर पसरावा आणि आंधळ्याने पहिल्याच फटक्यात खुणेचे नाणे उचलावे, तसे हे. सतरा शून्यांपुढे माणूस निमूट होतो. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र होऊ नये. कारण हा प्रश्न मुळात गणिताचा नसून वाचनाचा आहे.

प्रथम एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ‘ही भाकिते मागाहून लिहिली असतील’ असे म्हणून हात झटकणारे आपल्याकडचे बुद्धिवादी अर्धेच बरोबर आहेत. दानीएलाच्या पुस्तकाबाबत ती शंका तिसऱ्या शतकातच पॉर्फिरीने घेतली होती आणि आधुनिक संशोधनाने ती उचलून धरली. पण १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत जी हस्तलिखिते सापडली, त्यांतील यशयाची गुंडाळी येशूच्या जन्माच्या शंभरएक वर्षे आधीची आहे. तेव्हा संहिता जुनी आहे, यात वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्या टोकाशी. ‘पूर्ती’ची हकीकत आपल्याला कोण सांगतो? ज्याला ती संहिता मुखोद्गत आहे असा, तिच्याच प्रतिमांतून विचार करणारा शुभवर्तमानकार. स्टोनरचे गणित संहिता आणि घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरून चालते. इथे तर घटनेचा निवेदकच संहितेचा वाचक आहे. प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका एकाच टेबलावर असताना गुणांची टक्केवारी कशी काढणार?

जखऱ्याच्या नवव्या अध्यायातील प्रसंग पाहा. राजा नम्रपणे गाढवावर बसून येत आहे, असे तेथे वर्णन आहे. हिब्रू काव्याचा स्वभावधर्म असा की एकच गोष्ट लागोपाठच्या दोन चरणांत, शब्द पालटून, दोनदा सांगायची. रॉबर्ट लौथने १७५३ मध्ये या समांतर रचनेचे शास्त्रच मांडले. पण जात्यावरच्या ओव्या कानांवर पडलेल्या मराठी माणसाला ते शिकवावे लागत नाही. ओवीत भाऊ एकदा ‘बंधू’ म्हणून येतो आणि पुढच्या चरणात ‘पाठीचा भाऊराया’ म्हणून. म्हणून काही दारात दोन माणसे उभी नसतात. जखऱ्याही त्याच रीतीने पहिल्या चरणात गाढव म्हणतो, दुसऱ्यात गाढवीचे शिंगरू. मार्क, लूक आणि योहान यांच्याकडे येशू यरुशलेमात प्रवेश करतो तेव्हा जनावर एकच आहे. मत्तयाकडे शिष्य दोन जनावरे घेऊन येतात! चरण दोन म्हणून जनावरे दोन. संहितेने घटनेला आकार दिला, याचा याहून स्वच्छ दाखला आम्हांला तरी ठाऊक नाही.

होशेयाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. पुत्राला मिसर देशातून बोलावले, हे त्याचे वाक्य भविष्याविषयीचे नाहीच. इस्राएल लोक दास्यातून सुटले त्या भूतकाळाची ती वत्सल आठवण आहे. मत्तय मात्र ती बाल येशूच्या मिसरातून परतण्याला लावतो. आणि यशयाचा सातवा अध्याय, ज्यावर कुमारीजन्माचे भाकीत उभे केले जाते, तो आहाज राजाला त्याच्या काळातल्या दोन शत्रुराजांविषयी दिलेला दिलासा आहे. मूळ हिब्रू शब्द ‘तरुणी’ इतकेच सांगतो. ग्रीक भाषांतराने तिला कुमारिका केले आणि मत्तयाने ग्रीक वाचले. प्रचलित मराठी बायबलातही ‘कुमारी’ आहे. एका भाषांतरकाराच्या शब्दनिवडीवर केवढी इमारत!

मग मत्तय लबाड होता काय? मुळीच नाही. तो आपल्या परंपरेत शोभेल असे वाचन करीत होता. जुन्या शब्दांत नव्या अनुभवाचा अर्थ भरून येतो, हे त्याला अभिप्रेत होते. ‘पूर्ण होणे’ याचा तो अर्थ आपल्याला परका वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (राचोल, १६१६) याच तत्त्वावर रचले आहे: पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे येशूचरित्राचे, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा विस्तार वचन आणि पूर्ती या दोन खांबांवर तोललेला आहे. पण स्टीफन्सचा श्रोता साष्टीतला, आधीच बाप्तिस्मा घेतलेला माणूस आहे. पुराणांच्या सवयीचा, नव्या धर्मात त्या गोडीला मुकलेला. त्याला पुरावा नको होता, कथा हवी होती. स्टीफन्सने ती दिली, आणि पूर्ती तिथे काव्याची संगती म्हणून येते.

या युक्तिवादाची दुसरी बाजू तर्काची नाही, माणसांची आहे. आणि म्हसळ्यासारख्या गावातून पाहताना ती टाळता येत नाही. रायगडच्या या किनाऱ्यावर बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’, गावाच्या नावापुढे ‘कर’ लावत म्हणून अस्सल कोकणी. त्यांना हिब्रू पुन्हा शिकवण्यात मिशनऱ्यांचा मोठा वाटा होता; डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. हेतू उघड होता: मूळ वाचतील तर भाकिते पटतील. त्यांनी मूळ वाचले. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या हागादाचे मराठी भाषांतर छापले, पुढे अब्राहाम-मोशेवर मराठी कीर्तने रचली, आणि मोजके अपवाद सोडले तर ते यहुदीच राहिले. तोच यशया, तीच मराठी, निष्कर्ष वेगळा. भाकितपूर्ती जर पुराव्यासारखी स्वयंसिद्ध असेल तर या सुबुद्ध, शास्त्र जाणणाऱ्या वाचकांविषयी एकच म्हणता येते, की ते आंधळे आहेत. युरोपाने नेमके तेच म्हटले. स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलवर यहुदी धर्माची मूर्ती डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या स्त्रीच्या रूपात उभी केली, आणि त्या तिरस्काराचे पुढे काय झाले ते इतिहासात आहे. आमचे शेजारी आंधळे नव्हते. ते दुसऱ्या रीतीने वाचत होते, एवढेच.

हे सांगताना हिंदू वाचकाने सुखावून जाण्याचे कारण नाही. भविष्यपुराणात ईशा मसीह आणि ब्रिटिश राजवट शोधून दाखवणारे आपल्यातही आहेत, आणि त्यांची संहिता तर यशयाइतकी जुनीही नाही. असो.

श्रद्धेला हा टेकू लागतो का, हा खरा सवाल. नारायण वामन टिळकांच्या चरित्रात एक भाकीत आहेच. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले! पण टिळकांनी आपल्या श्रद्धेचे कारण म्हणून ते पुढे केले नाही. पुस्तक वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले, आणि तिथल्या प्रेमाच्या शब्दांनी त्यांना धरून ठेवले, असे ते सांगत. शत्रूवर प्रीती करा, हे कोणत्याही संदेष्ट्याने आगाऊ कळवलेले नसते तरी टिळकांचे काही अडले नसते.

आपल्या वर्गांत मात्र ‘ख्रिस्तपुराण’ म्हणजे मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्या चार-दोन ओव्या, एवढेच समीकरण रूढ आहे. बाकीचे ‘धर्मप्रचार’ म्हणून बाजूला ठेवले जाते, म्हणजे पत्रकवाल्यांप्रमाणे आपणही त्याला पुरावाच समजतो. ते स्वीकारतात, आपण नाकारतो. पहिले पुराण दुसऱ्याशेजारी ठेवून, कोणता जुना प्रसंग स्टीफन्सने कुठे पुन्हा उमलवला आहे हे पाहत एखादे सत्र वाचायला काय हरकत आहे? सोबत यशयाचा सातवा अध्याय, आहाज राजासकट, वाचायला घ्यावा.